‘दररोज’ हा शब्द लूकचा

शनिवार संध्याकाळ, तरुण संघ. आज नऊ जण. तिघे मल्याळी घरांतले, दोघी तेलुगू, एक ओडिया, दोघे धमतरीकडच्या मेनोनाइट कुटुंबांतले आणि एक मुलगी आमच्या नगरकडची. बोलणं हिंदीत, विनोद छत्तीसगढीत. प्रार्थना मात्र ज्याच्या त्याच्या आजीच्या भाषेत. भिलाईत याचं कुणाला नवल वाटत नाही. 1955 मध्ये सोव्हिएत युनियनशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली आणि तिच्या उबेला अख्ख्या देशातून माणसं आली. ट्रंकेत कपड्यांखाली आपापलं पवित्र शास्त्र घेऊन आली. आता तिसरी पिढी आहे. आजीचं बायबल मल्याळम, वडिलांचं इंग्रजी, पोराचं मोबाइलमध्ये, आणि मोबाइलमध्ये इतर पुष्कळ काही.

---

वधस्तंभ उचलून मागे या, हे येशूचं बोलणं मत्तयात आहे, मार्कात आहे, लूकमध्येही आहे. पण ‘दररोज’ हा शब्द एकट्या लूकने घातला आहे (9:23). वैद्य होता म्हणतात. औषध एकदाच घेऊन भागत नाही, हे वैद्यालाच ठाऊक असणार. हा माझा तर्क. पंडितांनी मनावर घेऊ नये.

इतकी वर्षं हे वचन तोंडपाठ होतं आणि हा फरक मला साठीनंतर दिसला. तोही एका बारावीतल्या पोरीने तिन्ही शुभवर्तमानं शेजारी शेजारी ठेवून विचारलं म्हणून.

---

दर जानेवारीत कुठून तरी मोठे वक्ते येतात. मांडव पडतो, कीबोर्ड येतो. तिसऱ्या रात्री पोरं रडतात, हात वर करतात, पुढे येतात. मी त्याला हसत नाही. मीही असाच एकदा पुढे गेलो होतो. पण मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा येते, एप्रिलपासून ऊन तापतं, आणि जूनमध्ये त्यातल्या किती जणांच्या उशाशी शास्त्र असतं ते मी मोजलेलं आहे. आकडा लिहीत नाही. पोरांची नाही, आमची लाज निघेल. पुढे आलेल्यांची नावं आम्ही वहीत उतरवून घेतली होती. वही कपाटात गेली.

---

इथून राजनांदगाव तासाभराच्या आत. त्या रुळांवरची एक गोष्ट पोरांना सांगायचं फार दिवस मनात होतं. आज सांगितली.

साल 1893. नागपूरहून राजनांदगावला गाडी चालली आहे. डब्यात तिशी ओलांडलेला एक ब्राह्मण कवी, नोकरीच्या शोधात निघालेला. जन्म रत्नागिरी जिल्ह्यात करजगावचा, नाव नारायण वामन टिळक. घर सोडून भटकण्याचं वेड जुनं, धर्माबद्दलचे प्रश्न त्याहून जुने. समोर एक गोरा प्रवासी. तो फ्री मेथडिस्ट मिशनचा अर्नेस्ट वॉर्ड. संस्कृत कवितेवर गप्पा सुरू झाल्या, वळत वळत ख्रिस्तावर आल्या. उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची एक प्रत दिली आणि वाचाल ना, असं विचारलं. आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही करून ठेवलं.

टिळकांना भाकिताचं हसूच आलं असणार. पुस्तकही पहिल्यांदा आवडलं नाही. पण शब्द दिला होता, म्हणून वाचायला घेतलं. हातात पेन्सिल घेऊन, खुणा करत वाचायची त्यांची सवय होती. तसं वाचता वाचता मत्तयाच्या पाचव्या अध्यायाला आले. डोंगरावरचं प्रवचन. तिथे मात्र अडकले ते अडकलेच.

10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

गोष्ट संपल्यावर ओडिया मुलाने विचारलं, “अंकल, आणि तो गोरा? त्याला कळलं का?” पोरांचे प्रश्न असे भलतीकडून येतात. मला त्या वेळी सुचलं ते एवढंच, की वॉर्डने डब्यात प्रवचन झोडलं नाही. पुस्तक दिलं, वचन घेतलं आणि आपल्या स्टेशनवर उतरला.

---

त्या गोष्टीत मला सगळ्यात आवडते ती पेन्सिल. न आवडणारं पुस्तक दिलेल्या शब्दासाठी वाचणं, रोज थोडं, आणि खूण करत. हे कुणालाही जमेल असं आहे. दर्शन, स्वप्न, अश्रू हे काही आपल्या हातात नसतं. पेन्सिल असते.

---

मत्तय पाच, सहा, सात. एकूण 111 वचनं. पोरांनी हिशोब मांडला: रोज तीन म्हटली तर सदतीस दिवस. एक जण म्हणाला, “इतना ही? हमारे फिजिक्स के एक चॅप्टर में इससे ज्यादा न्यूमेरिकल हैं.” ठरलं. मोबाइलवर नाही, कागदावर वाचायचं, शेजारी पेन्सिल. कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, पटलं नाही तिथे फुली, टोचलं तिथे रेघ. शनिवारी फक्त फुल्यांवर बोलायचं.

पाळकसाहेबांना फुल्यांची कल्पना जरा धाडसाची वाटली. म्हणाले, पुसता येईल अशाच करायला सांगा.

---

पहिल्या महिन्यातल्या फुल्या: शत्रूवर प्रीती (सहा जण). दुसरा गाल (पाच). उद्याची चिंता करू नका (तिथवर पोचलेले सगळे). या शेवटच्या फुलीवर एका मुलीने लिहिलं होतं, ‘कोचिंगवाल्या सरांना सांगा.’

भिलाई कोचिंगचं गाव आहे. इथे पोरगं आठवीत गेलं की घरात उद्याशिवाय दुसरा विषय नसतो. 2016 मध्ये तर भिलाईच्या नावाचीच आयआयटी सुरू झाली. कुटेलाभाठात तिचा मोठा परिसर उभा राहिला. आयाबाया त्या रस्त्याने जाताना रिक्षातून अशा काही बघतात, की मला मोशेची आठवण होते, डोंगरावरून वचनदत्त देश बघणारा.

टेस्ट सिरीज रविवारी सकाळी, उपासनाही रविवारी सकाळी. यावर घराघरात भांडणं आहेत. मी पोरांच्या बाजूने आहे की उपासनेच्या, हे मला विचारतात. मी म्हणतो, परीक्षा द्या, पण चोरून देऊ नका. पाळकसाहेबांना सांगून द्या आणि संध्याकाळी या. खोटं बोलून उपासना बुडवली की पोरं दोन्हीकडून जातात.

---

निर्गम, सोळावा अध्याय. रानातला मान्ना. रोज सकाळी त्या दिवसापुरता गोळा करायचा. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर किडे पडायचे. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायचा, तो टिकायचा. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं: कालच्या विश्वासावर आज जगता येत नाही.

धमतरीकडचा मुलगा हसायला लागला. “अंकल, छत्तीसगडात हे चालणार नाही. आमच्याकडे तर बासीच खातात.”

खरंच की. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी कांदा, मिरची, भाजी घेऊन खायचा, आणि शेतात नाही तर ठेक्याच्या कामावर उन्हात उभं राहायचं. त्याच्यावर माणसं दिवस काढतात. 2022 पासून सरकारने 1 मे ला ‘बोरे बासी दिवस’सुद्धा पाळला होता.

माझा दृष्टांत असा भाताच्या पाण्यात बुडाला. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती नांदायला आली तेव्हापासून बासी करते आहे. म्हणाली, “बासीला रात्री ताजा भात रांधावाच लागतो हो. आणि पाणी घालायला विसरलात तर सकाळी टाकूनच द्यावा लागतो.”

पुढच्या शनिवारी हे तिचं म्हणून सांगितलं. माझं म्हणून सांगायचा मोह झाला होता.

---

भिलाईत बाहेरून आलेल्या प्रत्येक प्रचारकाला दानिएलाचा तिसरा अध्याय आठवतो. शद्रख, मेशख, अबेदनगो आणि ती सातपट तापवलेली भट्टी. मी मोजायचं सोडून दिलं आहे. एका रविवारी बाहेर पडताना फर्नेसवर कामाला असलेला आमचा एक तरुण म्हणाला, “आगीची भीती कुणाला वाटते, अंकल? आग दिसते. माणूस आपोआप लांब राहतो. आम्हाला भीती गॅसची. कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. माणसाला आधी झोप आल्यासारखं वाटतं.”

त्या प्रवचनापेक्षा हे वाक्य जास्त दिवस डोक्यात राहिलं. आम्ही पोरांना छळाच्या आगीसाठी तयार करतो. त्यांच्यातली बहुतेक आगीपर्यंत पोचतच नाहीत, त्याआधीच पेंगतात.

---

पेंगण्यावरून. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 20. त्रोवसात पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसला होता. झोप अनावर झाली आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलला तो मेलेलाच. पौल खाली धावला, त्याला कवटाळलं. पोरगा जिवंत झाला.

यावर आम्ही नेहमी सांगतो: बघा, उपासनेत झोपू नये. पोरांचा पाठ वेगळा निघाला: भाषण आवरतं घ्यावं. मला तिसरंच दिसतं. पौलाने भाषण थांबवलं आणि जिना उतरला. युतुख का झोपला, याची चौकशी केली नाही.

(नंतर वर येऊन तो पहाटेपर्यंत बोलतच राहिला, हेही तिथेच लिहिलं आहे. प्रचारक शेवटी प्रचारकच.)

---

रात्रपाळी करणाऱ्या मुलाचा प्रश्न: “सकाळी लवकर उठून प्रार्थना करा म्हणता. मी सकाळी सहाला सुटतो. माझी सकाळ कोणती?” खरं आहे. येशू पहाटे एकांतात जायचा (मार्क 1:35), पण तो सी शिफ्टला नव्हता. आम्ही ठरवलं: झोपण्यापूर्वीची दहा मिनिटं ती त्याची सकाळ. आठवड्याला पाळी बदलते, सकाळही बदलेल. घड्याळ त्याचं तो ठरवेल, फक्त दिवस रिकामा जाऊ द्यायचा नाही.

---

नगरकडच्या मुलीला ‘स्मृतिचित्रे’ वाचायला दिलं. लक्ष्मीबाई टिळकांचं. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. भिलाईतल्या मराठी घरांतली पोरं मराठी ऐकतात, बोलतात, आणि वाचायची वेळ आली की गणपतीच्या मंडळातली सूचनासुद्धा आईला वाचायला देतात. तरी चिकाटीने वाचते आहे. तिची तक्रार: “यात बाई हसवते फार. धार्मिक पुस्तक वाटत नाही.”

मला ते पुस्तक तरुणांच्या हातात द्यावंसं वाटतं ते नेमकं यासाठीच. नवरा 1895 मध्ये ख्रिस्ती झाला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं, ताटातूट झाली. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो 1900 मध्ये. मधली वर्षं त्या तसूतसूने सरकत होत्या. पुन्हा एकत्र आले तरी सोवळं वेगळं, पाणी वेगळं. मग एक दिवस स्वतःशीच विचार करून जात देवाने केलेली नाही या निर्णयाला आल्या, आणि कुणाच्याही हातचं पाणी प्यायला लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर. टिळक तापट गृहस्थ, घरात एरवी आदळआपट पुष्कळ. पण या बाबतीत त्यांनी घाई केली नाही.

हल्ली आमच्याकडे पोराने चौदाव्या वर्षी सगळी उत्तरं पाठ म्हटली की दृढीकरण होतं आणि आम्ही केक कापतो. लक्ष्मीबाईंना आमच्या परीक्षेत नापास केलं असतं. आणि त्याच बाईने पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुरं करायला घेतलं, औपचारिक शाळा नावालाही नसताना.

---

बालकवी ठोंबरे काही काळ नगरला टिळकांच्या घरी राहायचे. हट्टी, हळवा, रुसणारा पोरगा. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं सांभाळलं. तो ख्रिस्ती झाला नाही. टिळकांच्या प्रेमात त्यामुळे काही उणं पडल्याचं दिसत नाही.

हे मुद्दाम टिपून ठेवतो, कारण आमच्या संघात हल्ली दोन मुलं येतात ती ख्रिस्ती नाहीत. मित्रांबरोबर येतात, कॅरमसाठी येतात, कधी शास्त्रपाठाला थांबतात. मंडळीतल्या काहींना भीती वाटते, बाहेर कुणी भलता अर्थ काढेल. काहींना उलट घाई झालेली असते. दोघांनाही मी सांगतो, त्यांना कॅरम खेळू द्या.

टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोन्ही येऊ शकत. मिशनच्या माणसांना तेव्हाही ते अवघडच गेलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा माणूस. पूल ओलांडला म्हणून तो तोडायचा असतो, हे त्याला मान्य नव्हतं.

---

भीतीचं लिहिलं आहे तर पुढचंही लिहितो. जुलै 2025 मध्ये आपल्याच दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन नन्सना अटक झाली. आठवडाभराने जामीन मिळाला. त्या शनिवारी संघात कॅरम कुणी उघडला नाही. एका मुलीच्या आईने तिला गळ्यातला क्रूस गाडीत ओढणीखाली ठेवायला सांगितलं होतं. मुलगी विचारत होती, हे नाकारणं झालं का? पेत्रासारखं?

मी लगेच उत्तर दिलं नाही. वीस वर्षांच्या पोरीला शूर हो म्हणणं सोपं असतं, गाडीत तिच्या शेजारी आपण नसतो. शेवटी म्हणालो, क्रूस ओढणीखाली असला तरी चालेल. शेजारी बसलेली म्हातारी उभी राहिली तर तू तिला खिडकी देतेस का, ते बघ. कोणी विचारलं तर मात्र खोटं नाव सांगू नकोस.

उत्तर पुरेसं होतं असं नाही. तिनेही पुरेसं मानलं नाही. वहीत त्या दिवसापुढे तिचं प्रश्नचिन्ह अजून आहे.

---

तीमथ्याला पौल पत्रात त्याच्या आजीची आठवण देतो. आजी लोईस, आई युनीके. बापाचं नाव नाही. तो ग्रीक होता, एवढंच प्रेषितांच्या कृत्यांत कळतं. म्हणजे पहिल्या शतकातही रात्री पांघरूण घालताना गोष्ट सांगायचं काम आजीकडेच होतं.

आमच्या सेक्टरमधल्या एका मल्याळी आजींचा नियम: संध्याकाळी दिवा लागला की घरातले सगळे जमिनीवर बसणार, दहा मिनिटं. पाहुणा असला तरी, टीव्हीवर मॅच असली तरी. नातवंडं कुरकुरायची. आजी गेल्या. निवृत्तीनंतर मुलाने क्वार्टर सोडलं. नातू बंगळुरूला आहे. परवा फोनवर म्हणाला, संध्याकाळी सातला ऑफिसात असलो तरी दोन मिनिटं गप्प बसल्याशिवाय राहवत नाही. प्रार्थना होतेच असं नाही. नुसता गप्प बसतो.

---

सदतिसावा दिवस झाला. नऊपैकी चौघांनी पुरं केलं. दोघं अर्ध्यावर. एक परीक्षेत. एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, पहिल्याच आठवड्यात सोडलं, पण शनिवारी फुल्या ऐकायला यायचं होतं. नववी नगरकडची, तिचं पुरं झालं असं ती मानत नाही. तिने 111 वचनं संपवून परत पहिल्यापासून सुरुवात केली आहे, कारण पहिल्या फेरीत आपण सगळीकडे उगाच रेघा मारल्या असं तिला वाटतं.

पाळकसाहेबांनी विचारलं, चौघांना उपासनेत पुढे बोलावून प्रमाणपत्र द्यायचं का? नको म्हणालो. पुस्तकं द्या, कार्यक्रम नको. त्यांना ते थोडं लागलं. प्रमाणपत्रं छापून झाली होती.

---

नगरकडची मुलगी पुण्याला निघाली, पहिली नोकरी. दुर्गला पोचवायला गेलो. आझाद हिंद एक्सप्रेस. आई डब्यात शेव, चिवडा, ठेठरी कोंबत होती. वडील टीसीला बर्थ विचारत होते. मी तिच्या पर्समध्ये मत्तयाची छोटी पुस्तिका आणि एक पेन्सिल टाकली. गाडी राजनांदगाव, गोंदिया, नागपूर करत जाणार. टिळकांच्याच रुळांवरून, उलट दिशेने. रूळ तेवढे बदलले, आता बहुधा भिलाईतच लाटलेले असतील. हे सगळं तिला सांगायचं मनात होतं. गाडी सुटली, राहून गेलं.

आठ दिवसांनी निरोप आला: ‘अंकल, चार दिवस काहीच वाचलं नाही. पीजीमध्ये तिघी आहोत, लाइट उशिरापर्यंत असतो. आणि पेन्सिल पण सापडत नाहीये.’

मी लिहिलं, खाली स्टेशनरीचं दुकान असेल. पाच रुपयांना मिळते.